त्या एका फोल्डरला धनी द्या : चिप कंपन्यांच्या टूलचेन विभागांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
टूलचेन विभागप्रमुख,
जीसीसी या खुल्या कंपायलरची स्वतःची आवृत्ती बाळगणाऱ्या पुणे, बंगळुरू आणि हैदराबादमधल्या सर्व चिप कंपन्या

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका कंपनीने नुकतीच आपल्या टूलचेनची, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चिपवर चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनांच्या संचाची, नवी आवृत्ती काढली. सोबतच्या बदलांच्या यादीत अगदी तळाला एक नोंद आहे. सामायिक सहाय्यक लायब्ररी, म्हणजे लिबायबर्टी नावाचा फोल्डर, आता स्थिर झाली असल्याने तिची वेगळी देखभाल बंद करण्यात येत आहे. कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा), लिंकर-असेंब्लर (त्यातून चिपचा कोड घडवून तुकडे जोडणारे) आणि डीबगर (दोष शोधायला मदत करणारा) या तिन्ही गटांनी आपापली प्रत आपापल्या सोयीने सांभाळावी, असा तिचा मथितार्थ. वरची सगळी यादी नव्या ऑप्टिमायझेशनच्या कौतुकाने भरलेली, त्यामुळे तळापर्यंत फारसं कुणी गेलं नसेल. मी गेलो, कारण त्याच लायब्ररीतल्या एका दोषावरचा माझा पॅच (दुरुस्तीचा कोड) त्या कंपनीकडे धूळ खात पडला आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव घेतलं की बाकीचे सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि तसं मला होऊ द्यायचं नाही. तुमच्यापैकी ज्या ज्या कंपन्यांची टूलचेन मी वापरली, तिथे थोड्याफार फरकाने हीच गत आहे. इतरांनी ती छापून जाहीर केलेली नाही, एवढंच.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांना मी इलेक्ट्रॉनिक जकार्डची कंट्रोल बोर्डं बनवून देतो, जुनी दुरुस्त करतो. चादरीवर मोर उठवायचा की वेलबुट्टी, त्यासाठी ताण्याचे कुठले धागे कधी उचलायचे, हे पूर्वी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून ठरायचं. आता बोर्डावरची चिप ठरवते. चिप रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या जातीची, पण कंपनीने तिच्यात स्वतःच्या काही जादा इन्स्ट्रक्शन (आज्ञा) घातलेल्या. रिस्क-फाइव्हचा सपोर्ट मूळ जीसीसीत २०१७ साली, सातव्या आवृत्तीत आला. या जादा इन्स्ट्रक्शन मात्र कंपनीच्याच टूलचेनला कळतात. म्हणजे मला दुसरं दुकान नाही. तुम्ही द्याल ते घ्यायचं आणि त्याच्या भरवशावर कुणाच्या तरी रात्रपाळीतला माग चालू ठेवायचा.

हा फोल्डर कुठला, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जीसीसी हा कंपायलर, बायनयुटिल्समधले असेंब्लर आणि लिंकर, आणि जीडीबी हा डीबगर, या सगळ्यांना काही बारीकसारीक कामं सारखीच लागतात. मेमरी मागायची आणि मिळाली नाही तर तसं छापून थांबायचं. हॅश टेबल सांभाळायचं. तात्पुरत्या फाइलीला कुणाशी टक्कर होणार नाही असं नाव शोधायचं. एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम चालू करायचा, तोही लिनक्सवर एका तऱ्हेने आणि विंडोजवर दुसऱ्या. तुम्ही एक कमांड देता आणि आतून आधी कंपायलर, मग असेंब्लर, मग लिंकर असे जे एकामागून एक चालतात, त्यांना चालू करणारा कोड इथलाच. हे सगळं लिबायबर्टी नावाच्या एका फोल्डरात असतं. या लायब्ररीची मूळ प्रत जीसीसीच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) आहे. बायनयुटिल्स आणि जीडीबी यांचा रेपो एकच, आणि त्यात तिची नक्कल आहे. नकलेत परस्पर बदल करू नयेत, करायचे ते जीसीसीच्या मूळ प्रतीच्या जोडीने करावेत, असं बायनयुटिल्सच्या मेंटेनर्सच्या (देखभाल करणाऱ्यांच्या) फाइलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही फोर्क केलात, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढलीत, तेव्हा ती फाइलही तुमच्याकडे आली. उघडून पाहिली का कुणी, देव जाणे.

आता ‘स्थिर’ या शेऱ्याबद्दल. या फोल्डरातला सगळ्यात अवघड ऐवज म्हणजे डीमँगलर. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शन असू शकतात, म्हणून कंपायलर प्रत्येकाच्या नावात जादा माहिती गुंफून ते वेगळं करतो. माझ्या कोडमध्ये ‘लूम’ नावाच्या क्लासमध्ये ‘स्टार्ट’ नावाचं फंक्शन आहे. लिंकरला ते असं दिसतं: अंडरस्कोर, झेड, एन, ४, लूम, ५, स्टार्ट, ई, व्ही. ४ म्हणजे पुढच्या नावात इंग्रजी अक्षरं चार, ५ म्हणजे त्याच्या पुढच्यात पाच. ई म्हणजे नाव संपलं. व्ही म्हणजे या फंक्शनला काहीच द्यावं लागत नाही. ही गुंफण सोडवून माणसाला वाचता येईल असं नाव समोर ठेवायचं, हे डीमँगलरचं काम. वरचं नाव कुणीही हाताने सोडवेल. पण टेम्प्लेटच्या (कोडच्या साच्याच्या) पोटात टेम्प्लेट, त्याच्या पोटात लॅम्डा (बिननावी फंक्शन) असा प्रकार आला की एकच नाव स्क्रीनभर पसरतं, आणि त्यात आधी येऊन गेलेल्या तुकड्यांच्या जागी नुसत्या खुणा असतात, की हा तुकडा मागे अमुक ठिकाणी येऊन गेला आहे, तिथून घ्या.

आज जो डीमँगलर वापरात आहे, तो २००३ पासूनचा. त्यानंतर सी प्लस प्लसच्या ११, १४, १७, २० अशा आवृत्त्या आल्या आणि नावांच्या व्याकरणात भर पडत गेली. रस्ट या दुसऱ्या भाषेने नावं गुंफण्याची नवी पद्धत आणली. तिची नावं अंडरस्कोर आणि आर या अक्षरांनी सुरू होतात, ती जुन्या प्रतीला ओळखू येत नाहीत. शिवाय हा कोड स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारत खोल जातो. वेडंवाकडं नाव पुढ्यात आलं की खोल जाता जाता स्टॅक (त्यासाठी राखलेली मेमरी) संपतो आणि सगळा प्रोग्राम कोसळतो. अशी नावं मुद्दाम तयार करून लोकांनी तो कोसळवून दाखवल्यावर २०१८ च्या अखेरीस २०४८ पातळ्यांची मर्यादा घालण्यात आली. हाच डीमँगलर सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीतही जातो. एखादा प्रोग्राम न पकडलेल्या एक्सेप्शनमुळे (चालताना उद्भवलेल्या चुकीमुळे) मरतो आणि मरताना त्या एक्सेप्शनचं नाव छापतो, ते नाव वाचण्याजोगं करणारा कोड हाच. हे सगळं ज्या फोल्डरात घडलं आणि घडतं आहे, त्याला स्थिर म्हणायचं कुठल्या आधारावर, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तुमच्या एका विभागप्रमुखांनी मला फोनवर सांगितलं, “अहो, तिथे वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, म्हणजे ते नीट चाललंय.” तुमच्या फोर्कमध्ये कुणी हात लावलेला नाही, हे अगदी खरं. माझी तक्रार तीच आहे, साहेब.

आता एकेक घेतो. पहिली तक्रार सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिच्यावर जास्त जागा खर्चतो.

तुमच्या एकाच डाउनलोडमध्ये एकाच लायब्ररीच्या तीन वेगवेगळ्या काळातल्या प्रती असतात. कंपायलरची बरी ताजी, लिंकरची त्याहून जुनी, डीबगरची सगळ्यात जुनी. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी एका कारखान्यात चादरींची घाई होती आणि एका ठराविक डिझाइनवर बोर्ड मध्येच गोठायला लागलं. जॉबरने (मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराने) आधी सगळं यांत्रिक तपासलं, हुक, दोऱ्या, मोटर, आणि मग मला बोलावलं. मी लॅपटॉप लावला, डीबगर सुरू केला, फर्मवेअरची फाइल दिली. सिंबॉल (कोडमधली नावं) वाचता वाचता डीबगरच बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. माझ्याच कोडमधल्या एका लांबलचक टेम्प्लेटच्या नावावर तो अडकत होता. माग ज्याच्या हाती होता तो पीसरेटवरचा कामगार शेजारी उभा राहून तेलुगूत जॉबरशी काहीतरी बोलत होता. मला तेलुगू समजत नाही, पण माग बंद म्हणजे त्याची मजुरी बंद, हे समजायला भाषा लागत नाही. शेवटी डीबगर बाजूला ठेवला, सिरीयल पोर्टवर आकडे छापत छापत दोष हुडकला. दोष माझ्या कोडमध्येच होता आणि किरकोळ होता. डीबगर चालला असता तर चहा निवायच्या आत सापडला असता.

घरी येऊन तुम्ही दिलेला सोर्स (मूळ कोड) उघडला. डीबगरच्या प्रतीतला हा दोष कंपायलरच्या प्रतीत दुरुस्त झालेला होता. त्याच डाउनलोडमध्ये, दोन फोल्डर पलीकडे! नवं काही शोधायचं नव्हतं, कुणाची परवानगी काढायची नव्हती. एका फोल्डरातली फाइल दुसऱ्यात न्यायची, सोबतची हेडर जुळवायची आणि चाचण्या चालवायच्या. चाचण्याही तयारच आहेत. लिबायबर्टीच्या टेस्टसूटमध्ये गुंफलेली नावं आणि त्यांची अपेक्षित उकल अशा ओळींची भली मोठी फाइल आहे, आणि एका कमांडमध्ये ती सगळी तपासून होते. तुमच्या बिल्डमध्ये ती कमांड नाही. मी पाहिलं.

दुसरी तक्रार थोडक्यात. विंडोजवर कमांडची लांबी ३२,७६७ अक्षरांपुढे जाऊ शकत नाही, म्हणून फाइलींची यादी लांबली की ती एका फाइलीत लिहून त्या फाइलीचं नाव ‘अॅट’ चिन्ह लावून देतात. ती फाइल उलगडणारा कोडही याच लायब्ररीतला. त्यात उलट्या तिरक्या रेघेला खास अर्थ आहे, त्यामुळे विंडोजचे पाथ त्यात सरळ लिहून चालत नाहीत, रेघ दोनदा द्यावी लागते. तुमच्या लिंकर गटाने ग्राहकांच्या सोयीसाठी आपल्या प्रतीत हा नियम बदलला. कंपायलर गटाने बदलला नाही. परिणाम असा, की जी फाइल लिंकर निमूट घेतो, तीच फाइल कंपायलरला दिली की तो ‘अशी फाइल सापडत नाही’ म्हणून हात वर करतो. यातलं बरोबर कोण, हा वाद मला घालायचा नाही. एका टूलचेनमध्ये एकच नियम असावा, एवढंच माझं म्हणणं. तिन्ही गटांना आपापल्या सोयीने वागायची मुभा देणारी तुमची नवी नोंद अशी उदाहरणं आणखी वाढवणार.

तिसरी तक्रार शेजारच्या फोल्डरची. याच रेपोंमध्ये झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीचीही नक्कल असते. तिच्यातला मेमरी बिघडवणारा एक दोष २०१८ सालीच कोडमध्ये दुरुस्त झाला होता, पण ती दुरुस्ती असलेली १.२.१२ ही आवृत्ती बाहेर पडली मार्च २०२२ मध्ये. मधली चार वर्षं दुरुस्ती होती आणि लोकांकडे नव्हती. त्या दोषाच्या अधिकृत क्रमांकात साल २०१८ चं आहे ते त्यामुळेच. तुमच्या टूलचेनमध्ये झेडलिबची कुठली आवृत्ती आहे, हे मी विचारलं होतं. उत्तर नाही.

आणि उत्तर का नाही, ही चौथी तक्रार. माझा पॅच आधी डीबगर गटाकडे गेला. त्यांनी सांगितलं, हा फोल्डर कंपायलर गटाचा. कंपायलर गटाने सांगितलं, आमच्याकडे ते दुरुस्तच आहे, तुम्ही डीबगर गटाशी बोला. मग सपोर्टवाल्यांनी विचारलं, आपला वार्षिक करार कुठल्या श्रेणीचा? मी तुमच्या चिपा विकत घेतो, तुमच्याच चुकीची दुरुस्ती तयार करून फुकट पाठवतो, आणि ती स्वीकारण्यासाठी मीच करार करायचा, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं असंच होतं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे टाकीवर हक्क सगळ्यांचा आणि ती धुवायची वेळ आली की ती कुणाचीच नाही. सोसायटीने निदान एक माणूस नेमला.

तुमच्याकडेही असा एक माणूस होता, हे मला माहीत आहे. अपस्ट्रीममधले, म्हणजे मूळ प्रकल्पातले, बदल ठरलेल्या वेळी तिन्ही प्रतींत आणणारा, आणि तुमच्याकडे झालेल्या दुरुस्त्या अपस्ट्रीमला पाठवणारा. त्याला दुसऱ्या, जास्त झळकणाऱ्या प्रकल्पावर हलवलं गेलं. त्याला दोष देत नाही. कुठली बढती ‘या वर्षी काहीही बिघडलं नाही’ या कामगिरीवर मिळते? इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी पोरं पुण्याला तुमच्याकडे लागतात. त्यातल्या एकाने सांगितलं, की रुजू झाल्यावर त्याला पहिली सूचना मिळाली ती ‘त्या फोल्डरला हात लावू नकोस’ अशी. खरं तर नवशिक्याला शिकायला याहून चांगली जागा टूलचेनमध्ये नाही. बरीचशी फंक्शन पानभराची, काम नेमकं ठरलेलं, निकाल चाचणीने लगेच कळतो. मात्र छोटं असलं तरी ते कुठे कुठे जोडलेलं आहे, हे सांगणारा जुना माणूस शेजारी लागतो. उदाहरणार्थ, मेमरी संपली की लायब्ररीतलं फंक्शन सरळ प्रोग्राम बंद करतं. कंपायलरला ते चालतं. चालू सेशनमध्ये डीबगर असा बंद पडून कसं चालेल, म्हणून जीडीबीने त्या फंक्शनच्या जागी स्वतःचं वेगळं ठेवलेलं आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो ‘दोनदा कशाला’ म्हणून एक काढून टाकेल आणि कोड कंपाइल होतोय हे पाहून घरी जाईल.

खर्च वाचतो, असं तुम्ही म्हणाल. तपासून पाहा. ही लायब्ररी स्टॅटिक लिंक होते, म्हणजे तिचा कोड कंपायलरमध्ये, असेंब्लरमध्ये, लिंकरमध्ये, डीबगरमध्ये, प्रत्येकाच्या पोटात वेगवेगळा बसतो. एक दोष निघाला की सगळं पुन्हा बिल्ड करून पुन्हा द्यावं लागतं. प्रत एक असेल तर दुरुस्ती एकदा. प्रती तीन असतील तर दुरुस्ती तीनदा, आणि तिन्ही प्रती एकमेकींपासून सरकल्यावर तोच पॅच तिन्हीकडे जसाच्या तसा बसतही नाही. एका माणसाचा अर्धा वेळ वाचवून तीन गटांच्या गळ्यात हे घोंगडं टाकण्यात बचत कुठली? २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात मागचं दार बसवलं गेलं, ते थकलेल्या एकट्या मेंटेनरच्या मदतीला कुणीतरी गोड बोलत आला म्हणून. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ओपन सोर्सच्या मेंटेनर्सची काळजी घेतली पाहिजे, अशी निवेदनं काढली होती. तुमच्या स्वतःच्या इमारतीतल्या मेंटेनरपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ती नोंद मागे घ्या. लायब्ररीची प्रत टूलचेनभर एकच ठेवा, आणि कंपायलर, लिंकर, डीबगर तिन्ही त्याच प्रतीवरून बिल्ड करा. तिच्यासाठी एका माणसाची नेमणूक करा, त्याला वेळ द्या, आणि हे काम त्याच्या वार्षिक मूल्यमापनात लिहा. ‘उरल्या वेळात बघ’ ही नेमणूक होत नाही. त्याचं नाव जाहीर करायला अडचण असेल तर निदान एक ईमेल पत्ता द्या, ज्यावर पाठवलेलं माणूस वाचतो.

प्रत्येक रिलीजच्या आधी मूळ प्रतीशी मेळ घाला, आणि कुठल्या तारखेपर्यंतचे बदल घेतले ते बदलांच्या यादीत छापा. झेडलिबची आवृत्तीही तिथेच छापा. लिबायबर्टीचा टेस्टसूट तुमच्या बिल्डमध्ये सक्तीचा करा. एक चाचणी पडली तर रिलीज थांबली पाहिजे. चादरीत एक धागा तुटला तरी आमच्याकडे माग थांबतो.

तुमच्याकडे केलेल्या दुरुस्त्या अपस्ट्रीमला पाठवा. जी दुरुस्ती अपस्ट्रीमने नाकारली, ती का नाकारली ते वाचा. ‘अॅट’ चिन्हाच्या फाइलीसारखे घरगुती नियम त्यातूनच टळतील. आणि सोर्स वेळेवर द्या. टूलचेन जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. ज्याला बायनरी (तयार प्रोग्राम) दिली, त्याला तिचाच सोर्स मिळण्याचा हक्क आहे. मला मिळालेल्या सोर्सवरून बिल्ड केलेला लिंकर तुमच्या लिंकरशी जुळत नाही, म्हणजे दोन्ही एकाच कोडचे नाहीत. हे चुकून झालं असं मी धरून चालतो. नव्या रिलीजमध्ये ते दुरुस्त करा.

ज्या कंपन्यांमध्ये हे सगळं आधीच नीट चालतं, त्यांनी हे पत्र बाजूला ठेवावं आणि आपली पद्धत उघडपणे लिहावी, म्हणजे इतरांना सबब उरणार नाही. इथल्या ज्या पोरांना अशा कामात हात घालायचा आहे, ती माझ्या ओळखीत आहेत. मेंटेनर नेमलात तर त्याच्या हाताखाली इंटर्न सोलापुरातून मिळतील, ही जबाबदारी माझी.

पुढच्या रिलीजची तारीख तुम्ही जाहीर केली आहे. डीबगरच्या प्रतीसाठीचा पॅच मी नव्या आवृत्तीवर बसवून, चाचणीच्या निकालासह या पत्रासोबत तिन्ही गटांना पुन्हा पाठवत आहे. तो घेतला की नाही, आणि नसेल तर कुठल्या तांत्रिक कारणासाठी, एवढं रिलीजच्या आधी लेखी कळवावं.

आपला,
यंत्रमागांच्या कंट्रोल बोर्डांचं फर्मवेअर लिहिणारा एक ग्राहक,
सोलापूर